चिमणीच्या कामाचा मधला कोट घेऊ नका, आणि तिसऱ्यावरही अजून सही करू नका

पत्र:
ताई, आम्ही २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला १९५७ सालचं दुमजली घर घेतलं. हीटिंग ऑइलवर आहे, वर्षाला ७०० गॅलनच्या आसपास लागतं, आणि दरवेळी टँकर येऊन गेला की पोटात गोळा येतो. हॉलमध्ये जुनी फायरप्लेस आहे, तिच्यात लाकडाचा इन्सर्ट, म्हणजे आत बसणारा बंद दाराचा लोखंडी स्टोव्ह, बसवायचं ठरवलं. चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून आहे, साधारण २६ फूट उंच, आतून मातीच्या टाइल. इन्सर्ट ३,४०० डॉलरचा बघितलाय, सहा इंची पाइपचा. पण चिमणीच्या कामाचे तीन जणांनी तीन कोट, म्हणजे खर्चाचे आकडे, दिलेत. पहिला म्हणतो लायनरची, म्हणजे चिमणीच्या आतून सोडायच्या पाइपची, गरजच नाही, छोटा पाइप पहिल्या टाइलपर्यंत नेतो, ९०० डॉलर. दुसरा खालपासून वरपर्यंत स्टीलचा लायनर टाकणार पण इन्सुलेशनशिवाय, ३,२००. तिसरा म्हणतो आतल्या टाइल फोडून काढायच्या आणि इन्सुलेशन गुंडाळलेला लायनर टाकायचा, ६,७००. नवरा म्हणतो मधला घेऊन टाकू. सासरे साताऱ्याहून आलेत, ते म्हणतात नुसत्या धुराड्याला साडेपाच-सहा लाख रुपये? कुणाचं ऐकू?
– श्रूजबरीची एक वाचक

उत्तर:
ताई, आधी उत्तर सांगते आणि मग कारणं सांगते, कारण मला माहितीये तुम्ही पैशाच्या काळजीत आहात आणि लांबण ऐकायच्या मूडमध्ये नसाल. पहिला कोट फाडून टाका. मधला घेऊ नका, तो सगळ्यात फसवा आहे कारण तो समजूतदार वाटतो. तिसरा बरोबर दिशेने आहे पण त्याच्यावर अजून सही करू नका, कारण तुमच्या चिमणीत टाइल न फोडताही इन्सुलेटेड लायनर बसण्याची शक्यता आहे आणि तसं झालं तर हजार-दीड हजार डॉलर वाचतील. आणि यातलं काहीही करायच्या आधी एक व्हिडिओ इन्स्पेक्शन करून घ्या, अशा माणसाकडून ज्याला तुम्हाला लायनर विकायचा नाहीये.

आता कारणं. मी न्यू हॅम्पशरमध्ये नॅशुआजवळ राहते, घरात गेली बारा वर्षं लाकडाचा इन्सर्ट आहे, आणि यातली एक चूक मी स्वतः पूर्ण पैसे मोजून केलेली आहे, ती पुढे सांगते.

पहिला माणूस जे सुचवतोय ते का चालत नाही ते समजून घ्या. उघड्या फायरप्लेसमध्ये जाळ मोठा असतो, खोलीतली भरपूर हवा धुराबरोबर वर जाते, उष्णता वाया जाते पण धूर गरम आणि वेगात जातो. १९५७ मध्ये ज्याने तुमची चिमणी बांधली त्याने ती या धुरासाठी बांधली. इन्सर्टचं तसं नाही. दार बंद, हवा मोजकी, लाकूड हळूहळू जळतं, उष्णता खोलीत येते म्हणजेच धुरात कमी राहते. हा कमी आणि थंड धूर सहा इंची तोंडातून निघून एकदम मोठ्या थंड टाइलच्या पोकळीत शिरला की तो पसरतो, मंदावतो, भिंतींना थंड पडतो आणि त्यातली डांबरासारखी वाफ तिथेच चिकटते. तेच क्रियोसोट. आपल्या गावच्या चुलीवर कौलांना जी काजळी धरते ती कोरडी, हाताने पुसली जाते, हे तसं नाही, हे जळणारं आहे. एकदा पेटलं की चिमणीच्या आत २,००० फॅरनहाइटपर्यंत आग जाते, मातीच्या टाइल तडकतात आणि त्या फटींमधून उष्णता भिंतीतल्या लाकडाच्या फ्रेमपर्यंत पोचते. इथली घरं सगळी लाकडाची, हे विसरू नका.

याच्यासाठी नियम आहे, एनएफपीए २११ नावाचं चिमण्यांच्या सुरक्षेचं अमेरिकन स्टँडर्ड. त्यात म्हटलंय की चिमणीची पोकळी इन्सर्टच्या तोंडाच्या क्षेत्रफळाच्या तिपटीपेक्षा मोठी नको, आणि चिमणीची एक जरी बाजू घराबाहेर उघडी असेल तर दुपटीपेक्षा मोठी नको. तुमची बाहेर आहे. हिशोब करून बघा, सहा इंची गोल म्हणजे २८ चौरस इंच, दुप्पट ५६. तुमच्या वयाच्या घरांत फायरप्लेसला बहुतेक ८ बाय १२ नाहीतर १२ बाय १२ ची टाइल असते. ८ बाय १२ ची आतून जेमतेम पावणेसात बाय सव्वाअकरा भरते, म्हणजे ७५ च्या आसपास. लहानातली लहान धरली तरी बसत नाही! १२ बाय १२ असेल तर विचारूच नका, सव्वाशेच्या वर जाते. म्हणजे पहिला माणूस तुम्हाला ९०० डॉलरमध्ये जे देतोय ते नियमातच बसत नाही, आणि हे त्याला माहीत नसेल तर वाईट, माहीत असेल तर त्याहून वाईट. १९७३ च्या तेलटंचाईनंतर या भागात हजारो घरांत असेच इन्सर्ट नुसते फायरप्लेसमध्ये ढकलून बसवले होते, पाइप जोडायची भानगडच नाही, आणि त्याचे परिणाम बघूनच हे नियम कडक होत गेले.

आता मधला कोट. इथे माझी गोष्ट.

आमची चिमणीसुद्धा बाहेरच्या भिंतीला, तुमच्यासारखीच. २०१४ मध्ये मी तीन कोट घेतले आणि मधला निवडला, २,६०० डॉलर, स्टीलचा लायनर, इन्सुलेशन नाही. मी विचारलं होतं हं, की इन्सुलेशन लागत नाही का, तर तो म्हणाला चिमणीची वीट आहे ना भोवती, तेच इन्सुलेशन. ऐकायला किती पटतं! पहिला हिवाळा छान गेला. दुसऱ्या हिवाळ्यात पेटवताना धूर खोलीत यायला लागला, मी म्हटलं लाकूड ओलं असेल. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये स्वीप, म्हणजे चिमणी साफ करणारा, आला, त्याने वरून कॅमेरा सोडला आणि मला स्क्रीन दाखवली, वरच्या आठ-दहा फुटांत काळी चकचकीत काच ओतल्यासारखा थर. ब्रशने निघत नव्हता. फिरणाऱ्या साखळ्या लावून बघितल्या तर तो पातळ लायनर दोन ठिकाणी चेपला. शेवटी सगळा बाहेर ओढून काढला आणि इन्सुलेशनवाला नवीन टाकला, ४,३०० डॉलर. म्हणजे ६,९०० गेले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन हिवाळे माझी मुलं त्या थराच्या खाली झोपत होती. ती स्क्रीन मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

वीट म्हणजे इन्सुलेशन नाही ताई. जानेवारीत बाहेर उणे पंधरा सेल्सियस असतं तेव्हा ती वीट बर्फासारखी असते आणि लायनर तिच्या मधोमध उभा असतो. अर्धा इंच जाडीचं सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट गुंडाळलं की लायनर लवकर तापतो, धूर वर पोचेपर्यंत गरम राहतो, ओढ चांगली लागते. आणि दुसरं कारण याहून मोठं आहे. नियमाप्रमाणे बाहेरच्या चिमणीची वीट आणि घराचं लाकूड यांच्यात किमान एक इंच मोकळी जागा हवी, आतल्या चिमणीला दोन इंच. १९५७ मध्ये गवंड्याने ती ठेवली की नाही ते भिंत फोडल्याशिवाय कळत नाही, आणि जुन्या घरांत फ्रेम सरळ विटेला टेकवलेली सर्रास सापडते. ही जागा नसेल तर यूएल १७७७ या लायनरच्या सुरक्षा-स्टँडर्डच्या लिस्टिंगप्रमाणे बसवलेला इन्सुलेटेड लायनरच ती उणीव भरून काढतो. बिनइन्सुलेशनचा नाही. म्हणून मधला कोट स्वस्त नाही, अर्धवट आहे. तुमच्या मिस्टरांना एवढंच सांगा की इन्सुलेशनच्या सामानाचा फरक तीनशे ते सहाशे डॉलरचा असतो, बाकी मजुरी तीच, छतावर चढायचं तेच.

तिसरा माणूस टाइल फोडायचं का म्हणतोय? तो फसवत नाहीये बहुतेक. सहा इंचाचा लायनर, त्याला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच ब्लँकेट, वरून जाळी, म्हणजे सात इंचाच्या वर गेला, आणि ८ बाय १२ ची टाइल अरुंद बाजूने पावणेसात. बसणारच नाही. मग टाइल फोडायच्या, म्हणजे वरून लांब रॉडला फिरतं हत्यार लावून एकेक टाइल पाडायची आणि खालून तो सगळा राडारोडा बादल्यांनी बाहेर काढायचा, दोन माणसांचा पूर्ण दिवस जातो, त्याचे हजार ते दोन हजार लावतात. धूळ विचारू नका, सोफे झाकून ठेवा.

पण दुसरा मार्ग आहे, तो त्याला विचारा: ओव्हल लायनर. सहा इंची गोल पाइपच कारखान्यात दाबून लंबगोल केलेला मिळतो, पाच बाय सातच्या आसपास होतो, ब्लँकेट गुंडाळून सहा बाय आठ. तो पावणेसात बाय सव्वाअकराच्या टाइलमध्ये उतरू शकतो. उतरू शकतो म्हणते, उतरेलच असं नाही, कारण टाइलच्या सांध्यांमधून मॉर्टर बाहेर आलेला असतो, कधी टाइल एकावर एक नीट बसलेल्या नसतात, कधी चिमणी मध्येच वाकडी असते. हे कॅमेऱ्यातच कळतं. आणि तुमच्या टाइल १२ बाय १२ च्या निघाल्या तर प्रश्नच मिटला, गोल लायनर ब्लँकेटसकट सरळ आत जातो, फोडाफोडीचं कारणच नाही. मला तुमच्या पत्रात सगळ्यात खटकलं ते हे की तिघांपैकी कुणीही टाइलचं माप कोटमध्ये लिहिलेलं दिसत नाही. माप न घेता कोट देतात तेव्हा प्रत्येकजण आपल्या सवयीचा कोट देतो.

म्हणून इन्स्पेक्शन. लेव्हल १, २, ३ असे प्रकार आहेत, तुम्हाला लेव्हल २ हवंय, त्यात कॅमेरा आत सोडतात, माळ्यावरून आणि बेसमेंटमधून चिमणी जिथे दिसते तिथे बघतात. घर विकलं जाताना किंवा चिमणीला जोडलेलं उपकरण बदलताना लेव्हल २ करायलाच पाहिजे असं ते स्टँडर्डच म्हणतं, म्हणजे तुम्ही घर घेतलंत तेव्हाच व्हायला हवं होतं, पण घर घेताना होम इन्स्पेक्टर फायरप्लेसमध्ये टॉर्च मारतो आणि पुढे जातो, आमच्याकडेही तसंच झालं. साधारण अडीचशे ते पाचशे डॉलर लागतात. सीएसआयए म्हणजे चिमणी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका यांचं सर्टिफिकेट असलेला स्वीप शोधा, आणि फोनवरच सांगा की मला फक्त तपासणी आणि व्हिडिओ हवाय, काम दुसऱ्याला देणार आहे. जो हे ऐकून नाराज होईल त्याला बोलवू नका. आणि ९९ डॉलरमध्ये साफसफाई म्हणून फोन येतात, कूपनं येतात, त्यांच्यापासून लांब राहा, ते येतात आणि पंधरा मिनिटांत तुमची चिमणी कोसळायला आलीय असं सांगून हजारोंचं काम काढतात. व्हिडिओची फाइल तुमच्याकडे ठेवा. तीच फाइल तीन जणांना पाठवून नवे कोट मागा, मग बघा आकडे कसे जवळ येतात.

त्या इन्स्पेक्शनमध्ये अजून एक गोष्ट बघून घ्यायला सांगा जी तुम्ही पत्रात लिहिलीच नाही. तुमचा ऑइलचा बॉयलर धूर कुठून सोडतो? तुमच्या वयाच्या घरांत बहुतेक वेळा त्याच चिमणीत शेजारी दुसरं नळकांडं असतं. दोन्ही वेगळी असतील तर ठीक, पण एकाच नळकांड्यात लाकूड आणि ऑइल दोन्ही चालत नाही, आणि मधली भिंत तडकलेली असेल तर बॉयलरचा धूर इकडे आणि इकडचा तिकडे. टाइल फोडायची वेळ आलीच तर त्या हादऱ्याने शेजारच्या नळकांड्याला काही होणार नाही ना, हेही आधी विचारा, काम झाल्यावर नाही.

पैशाचं सरळ बोलते. आमच्या भागात मी आणि ओळखीच्या चार-पाच घरांनी गेल्या काही वर्षांत जे भरलंय त्यावरून सांगते, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल. २५ फुटी सहा इंची लायनरचं किट, ब्लँकेट, वरची प्लेट आणि कॅप धरून सामान हजार ते दीड हजारात येतं. बसवून, परमिटसकट, टाइल न फोडता साडेतीन ते पाच हजार. टाइल फोडून साडेपाच ते सात. म्हणजे तुमचा ६,७०० चा कोट लूट नाहीये, वरच्या टोकाला आहे इतकंच. कुणी चिमणीत सिमेंटसारखं मिश्रण ओतून आतून नवीन नळकांडं तयार करू असं सुचवेल, ते मजबूत असतं पण महाग, चिमणी स्वतःच खिळखिळी असेल तरच त्याचा विचार करा.

कोट वाचताना स्टीलचा ग्रेड बघा, ३१६टीआय लिहिलेलं हवं. ॲल्युमिनियमचा लायनर फक्त गॅससाठी असतो, लाकडाला चालत नाही, आणि नुसतं 'मेटल लायनर' असं लिहिलेल्या कोटवर विश्वास ठेवू नका. ब्लँकेट किती जाडीचं आणि पूर्ण लांबीला की फक्त वरच्या पाच फुटांना, हे लिहून घ्या, कारण वरच्या पाच फुटांना गुंडाळून 'इन्सुलेटेड' म्हणणारे मी बघितलेत. लाइफटाइम वॉरंटी म्हणतात तिची अट वाचा, बहुतेकांची अट असते की दरवर्षी स्वीपकडून साफ करून घेतल्याच्या पावत्या हव्यात. आणि ब्लॉक-ऑफ प्लेट. हा शब्द पाठ करा. जुना डॅम्पर, म्हणजे धुराच्या वाटेवरची झडप, जिथे होता तिथे लायनरभोवती पत्र्याची झाकण-प्लेट बसवतात आणि वर रॉकवूल भरतात, म्हणजे इन्सर्टची उष्णता मागून चिमणीत वर जात नाही. शंभर-दोनशे डॉलरचं काम आहे, कोटमध्ये बहुतेक नसतंच, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या चिमणीला याच्यासारखा फायदा दुसऱ्या कशाचा नाही. आमच्याकडे दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा बसवली आणि खोलीचं तापमान त्याच लाकडात तीन-चार डिग्रीने जास्त राहायला लागलं.

पैसे वाचवायचे असतील तर दिसणाऱ्या गोष्टींवर वाचवा. इन्सर्टभोवतीची शोभेची चौकट, कास्ट आयर्नचं नक्षीदार दार, चकचकीत इनॅमल, मँटेलला, म्हणजे फायरप्लेसवरच्या फळीला, नवा दगड, शोरूमवाले तुम्हाला तिकडेच नेणार. चिमणीला भोक आणि मँटेलला ग्रॅनाइट म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आमच्या ओळखीत एकांनी ५,२०० चा इन्सर्ट घेतला आणि लायनरवर पैसे कमी पडले म्हणून अर्धवट काम केलं, आता तो इन्सर्ट नुसता दिसायला आहे, पेटवायची हिंमत होत नाही. ३,४०० चा तुम्ही बघितलाय तो पुरेसा आहे, फक्त त्याच्या लेबलवर ईपीएचं, म्हणजे इथल्या सरकारच्या पर्यावरण संस्थेचं, २०२० चं सर्टिफिकेट असल्याची खात्री करा. मे २०२० पासून नवीन स्टोव्ह तासाला २ ग्रॅम, किंवा खऱ्या सरपणावर तपासला असेल तर अडीच ग्रॅम, याहून जास्त धूर सोडणारा विकता येत नाही. जुना इन्सर्ट कुणी फुकट देत असेल तरी नको म्हणा.

आता एक गोष्ट सांगते जी तुम्हाला आवडणार नाही पण सांगायलाच पाहिजे, कारण तुमचं सगळं गणित ऑइलच्या बिलावर उभं आहे. एक कॉर्ड लाकूड म्हणजे १२८ घनफूट रचलेलं. ओकचं असेल तर त्यात साधारण २ कोटी ४० लाख बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), इन्सर्ट त्यातलं ७० टक्के खोलीत देतो असं धरा. ऑइलच्या एका गॅलनमध्ये १,३८,५०० बीटीयू, बॉयलर ८५ टक्के देतो असं धरा. म्हणजे एक कॉर्ड साधारण १४० गॅलन ऑइलच्या बरोबरीचं. ऑइल साडेतीन डॉलरने धरलं तर ४९० डॉलर. आणि वाळलेलं ओक घरपोच घेतलंत तर कॉर्डला साडेतीनशे-चारशे. वाचले किती? शंभर-सव्वाशे. हिवाळ्याला तीन कॉर्ड जाळलेत तरी साडेतीनशे डॉलर, आणि खर्च इन्सर्ट धरून साडेआठ-नऊ हजार. पंचवीस वर्षं लागतील! लाकूड स्वतःच्या आवारातलं असेल, किंवा शेजारी झाड पाडतात तेव्हा उचलून आणून फोडायची तयारी असेल, तर वर्षाला चौदाशे-पंधराशे वाचतात आणि सहा वर्षांत पैसे फिटतात. मग विचार करा, शनिवार-रविवार कुऱ्हाड आणि स्प्लिटर चालवायची तुमच्या घरात कुणाची हौस आहे का. आणि २०२३ पासून केंद्र सरकारचं जे ३० टक्के टॅक्स क्रेडिट होतं, दोन हजारांपर्यंत, ते ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या स्टोव्हला मिळत नाही. कुणी सेल्समन अजून ते क्रेडिट कोटमधून वजा करून दाखवत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

मग मी का ठेवलाय इन्सर्ट? कारण डिसेंबर २००८. आम्ही तेव्हा नवीन होतो इथे, आइस स्टॉर्म आलं, मध्य मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशरमध्ये लाखो घरांची वीज गेली, काही ठिकाणी दोन आठवडे नव्हती. बॉयलर ऑइलचा असला तरी पंप आणि बर्नर विजेवरच चालतात, हे तोपर्यंत आमच्या डोक्यातच नव्हतं. चौथ्या दिवशी घरात पाच डिग्री, धाकटी आठ महिन्यांची, पाइप फुटायची भीती. तीन घरं सोडून एक म्हातारं जोडपं होतं, त्यांच्याकडे लाकडाचा स्टोव्ह, त्यांनी आम्हाला हाक मारून बोलावलं, पाच रात्री त्यांच्या हॉलमध्ये काढल्या, त्याच स्टोव्हवर मी खिचडी शिजवली. तेव्हाच ठरवलं की आपल्या घरात विजेशिवाय चालणारी एक तरी ऊब असली पाहिजे. तुमचं कारण हे असेल तर खर्च करा, मनापासून सांगते करा. फक्त ऑइलचं बिल कमी करायचं असेल तर तेच नऊ हजार आधी माळ्याच्या इन्सुलेशनवर आणि फटी बुजवण्यावर लावा, जास्त लवकर परत येतील. वीज जाण्यासाठी घेत असाल तर इन्सर्ट निवडताना थोडा पुढे आलेला घ्या, पूर्ण आत बसणारा नको, कारण इन्सर्टचा विजेवरचा पंखा बंद पडला की पुढे आलेलाच खोली तापवतो, आणि वर पातेलं ठेवायला जागा मिळते.

सासऱ्यांचं मला कळतं. त्यांच्या डोळ्यांसमोर चूल आहे, माझ्याही आहे, आजीचं घर कोकणात, स्वयंपाकघराला धुराडंच नव्हतं, धूर कौलांमधून निघून जायचा आणि आजीचे डोळे बारा महिने लाल. त्यांना सांगा की चूल उघडी असते, धुराला वाट अडवलेली नसते आणि भिंती मातीच्या. इथे जाळ लोखंडात बंद आणि त्याचा धूर लाकडी घराच्या पोटातून २६ फूट न्यायचाय. बोस्टनमध्ये १६३१ सालीच, वसाहत होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, एका धुराड्याने आग लागली म्हणून लाकडी धुराडी आणि गवताची छपरं बांधायला बंदी केली होती. इथल्या लोकांनी हा धडा चारशे वर्षांपूर्वी घेतलाय. सासऱ्यांना कॅमेऱ्याचा व्हिडिओ दाखवा, आकडे नंतर सांगा. माझे वडील आले होते तेव्हा त्यांना तो चकचकीत काळा थर दाखवला, त्यानंतर त्यांनी किंमत विचारली नाही.

स्वतः करू का असा विचार आला असेल, इंटरनेटवर व्हिडिओ खूप आहेत. घर एकमजली, छताचा उतार कमी आणि दोन धडधाकट माणसं असतील तर लोक करतात. तुमचं दुमजली आहे, २६ फुटांवर ब्लँकेट गुंडाळलेला लायनर धरून उभं राहायचंय, आणि खाली चारशे पौंडांचा इन्सर्ट सरकवायचाय. नको. परमिट मात्र काढाच, मॅसॅच्युसेट्समध्ये लाकडाच्या स्टोव्हला टाउनच्या बिल्डिंग डिपार्टमेंटचं परमिट लागतं, काम झाल्यावर इन्स्पेक्टर येऊन बघून जातो. जो कॉन्ट्रॅक्टर परमिटशिवाय दोनशे कमी करतो म्हणेल त्याला नमस्कार करा. इन्शुरन्स कंपनीला काम सुरू व्हायच्या आधी ईमेल करा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म तुमच्याकडे प्रत्येक मजल्यावर असतीलच, २००६ पासून तिथे ते सक्तीचे करणारा निकोल्स लॉ आहे, पण त्यांची तारीख बघा, जुने झाले की बदलावे लागतात.

आणि शेवटचं, घाई करू नका. हे मी तुमच्या भल्याचं सांगते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळे स्वीप आठ-आठ आठवडे बुक असतात आणि कोटही तसेच येतात, एप्रिल-मे-जूनमध्ये तेच लोक फोन उचलतात, वेळ देतात, दरही बोलता येतो. तसंही तुमच्याकडे वाळलेलं लाकूड आहे कुठे? ओक फोडून, रचून, वरून झाकून आणि बाजूंनी उघडं ठेवून दोन उन्हाळे वाळवावं लागतं, 'सीझन्ड' म्हणून विकतात ते निम्म्या वेळा ओलंच असतं. ओलं लाकूड जाळलंत तर सात हजारांच्या लायनरमध्येही तोच काळा थर धरेल. तीस डॉलरचं मॉइश्चर मीटर घ्या, ओंडका मधून फोडून आतल्या बाजूला टोचा, २० टक्क्यांच्या खाली आला तरच आत घ्या. या वर्षी इन्स्पेक्शन करून घ्या आणि दोन कॉर्ड लाकूड मागवून मागच्या अंगणात रचून ठेवा. ओकऐवजी ॲश किंवा मेपल मिळालं तर एका वर्षात वाळतं. टाइलचं माप आलं की मला कळवा, ८ बाय १२ आहे का १२ बाय १२, मग तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टरशी ओव्हलबद्दल नेमकं काय बोलायचं ते मी लिहून पाठवते.